व्हॅलेंटाइन नको, तर तू बआवच का?

महोदय,

येशूला मसीहा मानणाऱ्या मेसिॲनिक यहुदी मंडळींत १४ फेब्रुवारी पाळावा का, हा वाद दरवर्षी निघतो. विरोधकांचा आवडता मुद्दा असा की हा दिवस म्हणजे लुपरकेलिया हा प्राचीन रोमन मूर्तिपूजकांचा उत्सव. पण तो उत्सव १५ फेब्रुवारीचा, आणि दोहोंना जोडणारा पुरावा फार कच्चा आहे. संत व्हॅलेंटाइनच्या दिवसाला प्रेमाचा रंग चढला तो चौदाव्या शतकात, इंग्रज कवी चॉसरच्या काळात. रोमन चर्चनेही १९६९ साली हा दिवस सार्वत्रिक दिनदर्शिकेतून वगळला. तेव्हा उरतो तो फुला-चॉकलेटांचा व्यवहार. खरी अडचण २०२६ सारख्या वर्षी येते : १४ तारीख शनिवारी, म्हणजे शब्बाथातच (शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी तारे दिसेपर्यंतचा यहुदी विश्रामदिन). जेवण बाहेर करायचेच, तर शनिवारी तारे दिसल्यानंतर करावे.

पर्याय म्हणून यहुदी पंचांगातील आव महिन्याची पौर्णिमा, 'तू बआव', सुचवली जाते (२०२६ मध्ये २८ जुलैच्या सूर्यास्तापासून). मिश्ना या प्राचीन यहुदी नियमसंग्रहानुसार त्या दिवशी यरुशलेमच्या मुली उसने पांढरे कपडे घालून द्राक्षमळ्यांत नाचत. उसने अशासाठी, की जिच्याकडे नाहीत तिला लाज वाटू नये. मात्र हा तोरातला, म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांतला, सण नव्हे. त्याला 'बायबलमधला सण' म्हणणे चूकच. त्यासाठी बायबलमधील 'शास्ते' या पुस्तकाच्या २१ व्या अध्यायाचा दाखला देणाऱ्यांनी तो अध्याय पुन्हा वाचावा. तिथे नाचायला आलेल्या शिलो गावच्या मुली पळवून नेल्या आहेत!

प्रेषित पौलाने रोमकरांस पत्र १४:५ मध्ये दिवसांचा निर्णय ज्याच्या त्याच्या मनावर सोडला आहे. मंडळीने सभेत फतवा काढू नये, आणि गुलाब आणणाऱ्याला मूर्तिपूजकही ठरवू नये.

– एक वाचक