पॅथॉलॉजीच्या मॅडमना

मॅडम, सप्रेम नमस्कार.

बाबांच्या स्वरतंतूवरचा कॅन्सर काढणाऱ्या सर्जनचे आभार आम्ही शाल-नारळ देऊन मानले. तुमचे मात्र राहूनच गेले. रिपोर्ट तपासणाऱ्या डॉक्टरांची पेशंटशी गाठ पडतेच कुठे?

माझी पडली ती रिपोर्टमधल्या त्या ओळीमुळे. 'स्नायूच्या वरच्या धाग्यांत शिरकाव.' सगळे टी-वन, म्हणजे कॅन्सरची पहिली पायरी, म्हणत होते, स्क्रीनवर बाबांचा स्वरतंतू छान हलताना आम्ही पाहिला होता, मग स्नायू मध्येच कुठून आला? 'सर्जनना विचारा' म्हणून तुम्ही मोकळ्या झाला असता तर मी डिचोलीपर्यंत रडतच गेलो असतो. तुम्ही आत बोलावलंत आणि दोघांना एकदम बघता येईल अशा मायक्रोस्कोपवर स्लाइड लावलीत.

वरची कातडी, तिच्याखालचा थरथरणारा मऊ थर, मग लिगामेंटचा चिवट पट्टा आणि तळाला गुलाबी धागे, तो स्नायू. कॅन्सरच्या जांभळट पेशींचा एक पुंजका त्यात जेमतेम घुसलेला. स्टेज ठरते ती गाठ कुठवर पसरली आणि स्वरतंतू हलतो की नाही यावर; स्नायूत वरवर शिरकाव असला तरी स्वरतंतू हलू शकतो, तो पार जखडला की टी-थ्री, म्हणजे बरीच पुढची पायरी, हे तुम्ही न कंटाळता दोनदा सांगितलंत. सर्जनना लिगामेंटपाशी न थांबता स्नायूचा भाग का काढावा लागला, तेही तेव्हा उमगलं. मग काढलेल्या तुकड्याची शाई लावलेली कड दाखवलीत. लेझरने कडा करपतात, आकसतात, नक्की कळत नाही. म्हणून तुम्ही ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला तो तुकडा, आणखी खोलवर कापून नव्या स्लाइड केल्या होत्या. शाई आणि गाठ यांच्यामध्ये निरोगी धागे होते. त्यावरच सर्जननी रेडिएशन नको म्हटलं.

आमच्या भजनी मंडळात आवाज बसला की ज्येष्ठमध, फार तर मिरी-खडीसाखर. आता तीन आठवड्यांत आवाज सुटला नाही तर घसा दाखवायचाच, असं बाबा स्वतः दटावून सांगतात, विडी ओढणाऱ्यांना जरा जास्तच.

आवाजात हवा येते त्यांच्या. काळी चारच्या उंच पट्टीत गाणारा माणूस खाली काळी एकला आला, पेटीवाला कुरकुरतो. दुर्बिणीची तपासणी चालूच राहील. पण चतुर्थीला आरतीत ते असणार आहेत. तुम्ही घरच्यांना घेऊन या, आई नेवऱ्या करणार आहे.

आपला,
बाबांचा धाकटा