वही सापडली

गिरगाव, रविवार रात्र

प्रिय बाळ्या,

दोनदा तुझा नंबर लावला आणि रिंग जायच्या आत कापला. हे फोनवर बोलता येणार नाही मला, म्हणून कागद घेतलाय. आम्ही सगळे बरे. आईचं बीपी गोळीवर आहे.

वही सापडली. तीच. दोनशे पानी, वर तुझ्या अक्षरात ‘शब्दकोडी’, आत तीन अक्षरी, चार अक्षरी, पाच अक्षरी असे भाग पाडलेले.

चाळ रिकामी करायचीय, महिनाअखेरीला चावी बिल्डरकडे. आज पोटमाळ्यावरून अण्णांची पत्र्याची ट्रंक खाली घेतली. वर त्यांचा शाईचे डाग पडलेला प्रेसचा शर्ट, त्याखाली छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायची स्टिक, आणि तळाला वर्तमानपत्रात गुंडाळलेली वही.

म्हणजे तू नेली नव्हतीस. १९९३ पासून मी तुला चोर म्हणत आलो रे. तुझ्या लग्नाच्या पंगतीतसुद्धा म्हणालो, ‘याने माझी वही ढापलीय, ताटं सांभाळा’. सगळे हसले, तूही हसलास. तू तेव्हा नुसतं हसून सोडलंस, ते आज दिवसभर डोक्यातून जात नाही.

भांडण कशावरून झालं होतं, तुला आठवत असेलच. पाच अक्षरी इंग्रजी शब्द, स्वर नसलेले. क्रिप्ट, लिम्फ, निम्फ, पिग्मी, ट्रिस्ट इथवर आपलं जमलं होतं. मग तू एम-वाय-आर-आर-एच लिहिलंस आणि मी लाल पेनाने काट मारली. पाचवीत एबीसीडी शिकलेली पोरं आपण, डिक्शनरी फाटकी, एमची अर्धी पानं गायब, आणि तरी जिन्यात एकमेकांच्या गळपट्ट्या धरल्या! दुसऱ्या दिवशी वही नाहीशी. मी ठरवूनच टाकलं की तूच. दहावीचं अख्खं वर्ष आपण एका बाकावर बसून बोललो नाही.

आता ते पान बघ. माझ्या लाल काटीवर पेन्सिलीने बरोबरची खूण आहे आणि शेजारी अण्णांच्या बारीक अक्षरात: ‘बरोबर आहे. नाताळच्या पत्रकात जुळवला.’ येशूच्या जन्माच्या गोष्टीत ते तिघं सोनं, ऊद आणि हेच आणतात ना, तो सुगंधी डिंक. चर्चचं पत्रक प्रेसमध्ये आलं असणार. अण्णा सातवी पास. इंग्रजी वाक्याचा अर्थ त्यांना कधी लागला नाही, पण अक्षर हाताला लागलं की चुकायचे नाहीत. आरसा धरल्यासारखी उलटी ओळ सरळ वाचायचे.

आणि ते तेवढ्यावर थांबले नाहीत, बाळ्या. तेवीस पानं त्यांनी भरलीत. एका पानावर फक्त ज्यात ई तीनदा येतो असे पाच अक्षरी शब्द: गीस, ईरी, लेव्ही, मेली, टेपी. मला आधी कळेना हे कशाला. मग आठवलं, इंग्रजी केसमध्ये, म्हणजे खिळ्यांच्या खणांच्या पेटीत, ईचा खण सगळ्यात मोठा, तरी पहिला तोच रिकामा व्हायचा. मग छापून झालेला मजकूर सोडवून खिळे परत खणात पडेपर्यंत हात बांधून बसायचं. अमेरिकेत आल्फ्रेड बट्सने वर्तमानपत्रांतली अक्षरं मोजून स्क्रॅबल हा शब्द जुळवायचा खेळ बेतला, १०० सोंगट्यांत ई १२ ठेवले. आपले अण्णा तीच मोजणी बोटांनी करत होते, आणि आपण त्यांच्यासमोर बसून त्यांना चहा आणायला पाठवत होतो.

शेवटी आय-जी-एच-टी येणाऱ्यांचं पानही आहे. फाइट, लाइट, माइट, नाइट, राइट, साइट, टाइट. तू म्हणायचास आठ आहेत, मी म्हणायचो सात. आठवा अण्णांनी लिहिलाय: ‘एट’. ई-आय-जी-एच-टी. अरे, उत्तर तुझ्या आकड्यातच होतं! पोरगी मोबाइलवर वर्डल खेळते, पाच अक्षरी इंग्रजी शब्द ओळखायचा खेळ, गेल्या आठवड्यात याच जाळ्यात अडकली होती. मागची चार अक्षरं हिरवी, म्हणजे जागेवर बरोबर, पुढचं एक सापडेना, संधी दोनच. तिला म्हटलं, एकेक अक्षर लावून बघू नकोस, ‘फिल्म्स’ टाक, एफ-एल-एम-एस चारही एका फटक्यात तपासून होतात. एल पिवळा आला, म्हणजे शब्दात आहे पण जागा दुसरी, लाइट निघालं. ‘बाबा, हे कुठे शिकलात?’ म्हणाली. मी तुझं नाव सांगितलं.

पण मला जे खातंय ते वेगळंच. अण्णांना माहीत होतं. आपण बोलत नव्हतो ते त्यांना दिसत होतं. ‘बाळ्या का येत नाही रे हल्ली?’ असं विचारायचेसुद्धा. आणि वही त्यांच्या पिशवीत! का नाही दिली? चार दिवसांसाठी म्हणून नेली असेल, मग शब्द लिहीत गेले, मग पोरांच्या वहीत आपण लिहिलंय याचा संकोच वाटला असेल. की मी हसेन म्हणून? मी हसलो असतो का रे? तेव्हाचा मी तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, तूच सांग. आईला विचारलं, तर म्हणाली, ‘रात्री दिवा लावून काहीतरी लिहायचे, मला वाटायचं हिशेब.’ त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली, आता विचारू कुणाला.

तुझी बदली झाली का नाशकाला? वहिनींच्या गुडघ्याचं काय ठरलं? धाकट्याला बारावीसाठी आशीर्वाद. तुझ्या जी आणि वायमधला फरक अण्णांनासुद्धा कळलेला नाही, चार ठिकाणी प्रश्नचिन्ह घातलंय त्यांनी. ते तूच येऊन सोडव.

वही कुरिअरने पाठवणार नाही. खोलीत अजून दिवा आहे, पंखा उतरवलाय. पुढच्या रविवारी ये. मला जे बोलायचंय ते जिन्यात बोलेन, जिथे तुझी गळपट्टी धरली होती तिथेच. आणि येताना पेन्सिल आण. स्वर नसलेल्यांच्या पानावर खाली दोन ओळी रिकाम्या आहेत.

तुझा,
बंड्या