केझिक बेटाच्या घरमालकाला, म्हणजे मंत्रीसाहेब तुम्हालाच

मा. नैसर्गिक साधनसंपत्ती मंत्री, क्वीन्सलंड सरकार (ऑस्ट्रेलिया) यांस,

स.न.वि.वि.

इंग्रजीतलं पत्र रीतसर तुमच्या ऑफिसला पाठवलंय. हे मराठीत एवढ्यासाठी की क्वीन्सलंडमध्ये आपली बरीच मंडळी आहेत, आणि त्यातल्या कुणाच्या डोक्यात उद्या बेटावर प्लॉट घ्यायचं आलं तर सही करायच्या आधी त्यांना कळू दे की घर आपलं झालं तरी जमीन कुणाची राहते आणि भांडण झालं की कोण कसं हात वर करतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. केझिक हे मकाय शहराच्या किनाऱ्यापासून तीसेक किलोमीटरवरचं छोटं बेट, शेजारी सेंट बीज बेट आणि मधे एग्रेमॉन्ट पॅसेज हा समुद्राचा चिंचोळा पट्टा. बहुतेक बेट नॅशनल पार्क आहे, उरलेल्या तुकड्यावर सरकारने एका कंपनीला दिलेली हेडलीज, म्हणजे जमिनीचा मूळ भाडेपट्टा, आहे आणि ज्यांनी तिथे आयुष्याची कमाई घालून घरं बांधली ते कायद्याच्या भाषेत त्या हेडलीजवाल्या कंपनीचे पोटभाडेकरू. म्हणजे घराची किल्ली तुमच्याकडे, पण बोट उतरवायचा रॅम्प, रस्ते, विमानाची धावपट्टी यांची किल्ली कंपनीकडे. बेटावर यायचे रस्ते दोनच, पाण्यातून किंवा हवेतून, आणि दोन्ही एकाच्याच हातात.

२०१९ मध्ये हेडलीज नव्या कंपनीकडे गेली, आणि २०२० मध्ये रहिवाशांच्या तक्रारी टीव्हीवर आल्या की रॅम्प वापरू देत नाहीत, धावपट्टीवर अडवतात, समुद्रकिनाऱ्यावर जायलासुद्धा मनाई, वर स्वतःचं घर पर्यटकांना चार दिवस भाड्याने द्यायलाही बंदी. ज्यांचं पोटच पर्यटकांवर होतं त्यांनी काय करायचं? तेव्हा खात्याकडून उत्तर काय आलं, तर आम्ही कंपनीशी आणि रहिवाशांशी बोलतोय.

बोला ना, बोलायला ना नाहीच. पण साहेब, तुम्ही मध्यस्थ नाही आहात, तुम्ही घरमालक आहात! वाड्याच्या मालकाने अख्खा वाडा एकाला भाड्याने द्यावा, त्याने पोटभाडेकरू ठेवावेत, मग त्यांचा जिना आणि नळ बंद करावा आणि मालकाने गॅलरीत उभं राहून म्हणावं की तुमचं आपसात मिटवा, असा हा प्रकार आहे. तुमचा लँड ॲक्ट १९९४ चा आहे, त्यात लिहिलंय की लीजवाल्यावर जमिनीची काळजी घ्यायची जबाबदारी असते, आणि लीजच्या अटी मोडल्या तर लीज काढून घ्यायचा अधिकारही त्यातच आहे. आणि भरतीच्या रेषेखालची वाळू तर सहसा सरकारचीच असते, तिथे चालायला कंपनीची परवानगी कशाला लागावी हे मला तरी कुणी अजून समजावलेलं नाही.

त्यावेळी सगळ्या बातम्यांचा सूर एकच होता, कंपनी चिनी आहे. मला विचाराल तर त्यात खरा मुद्दा वाहून गेला, कारण मूळ प्रश्न कंपनी कुठली हा नाहीच, करार करून विसरून जाणाऱ्या सरकारचा आहे. शेजारचं ब्रॅम्प्टन बेट बघा, तिथलं रिसॉर्ट २०११ पासून बंद, लीज ऑस्ट्रेलियन कंपनीकडे. ग्रेट केपेलचं रिसॉर्ट २००८ ला बंद पडलं, तिथेही लीज सिडनीच्या माणसांकडे होती, वर्षानुवर्षं नुसते प्लॅन आणि चित्रं. लिंडमन २०१२ ला बंद झालं. डंकला २०११ च्या यासी वादळाने झोडपलं आणि साउथ मोलला २०१७ च्या डेबीने, वादळाला काही कुणी दोष देत नाही पण वादळानंतरची वर्षं कुणाच्या खात्यात धरायची? बेटांवरच्या रिसॉर्टची ही अवस्था का झाली म्हणून विधिमंडळाच्या समितीने चौकशीही केली. म्हणजे तुम्हाला माहीत नाही असं यात काहीच नाही.

आणि करता येतं हेही तुम्हीच दाखवलंय. ग्रेट केपेलच्या लीज २०२३ मध्ये सरकारने थकलेल्या भाड्यापायी रद्द केल्या की. सरकारचं भाडं थकलं तर लीज जाते, माणसांचा रॅम्प अडवला तर चर्चा! (यात थोडा अन्याय होतोय माझ्याकडून, केपेललाही बरीच वर्षं लागली, पण शेवटी फाइल हलली ती पैशाने.)

लीज काढूनच घ्या असं मी म्हणत नाही. उद्या हेडलीज रद्द झाली तर पोटभाडेकरूंच्या करारांचं काय होणार ही त्या लोकांची धास्ती खरी आहे, आणि लोक गप्प बसतात त्यामागे हेही एक कारण असावं. म्हणून आधी त्यांचे करार सुरक्षित राहतील असं लेखी द्या. मग हेडलीजमधल्या विकासाच्या आणि देखभालीच्या अटी साध्या भाषेत सगळ्यांना वाचता येतील अशा जाहीर करा, कुठली पाळली कुठली नाही ते पुढे लिहा, आणि रॅम्प, धावपट्टी आणि किनारा यांचा वापर रहिवाशांना कुठल्या अटींवर मिळणार हे कंपनीने नाही तर तुम्ही ठरवा. ऑफिसातून ईमेल करून नाही हं, खात्याचा माणूस बेटावर पाठवा आणि तो लहान बोट घेऊन स्वतः त्या रॅम्पवर उतरू दे.

२०२४ ला सरकार बदललं, त्यामुळे हे सगळं आधीच्यांनी केलं असं तुम्ही म्हणू शकता, म्हणा. पण करारावर पक्षाचं नाव नसतं, राज्याचं असतं. आणि आमच्याकडे मत दिलं नाही तर दंड बसतो, तर मत दिल्यावर उत्तर मागायचा हक्क आहे एवढं तरी धरून चालतो. उत्तर इंग्रजीत दिलंत तरी चालेल, भाषांतर मी करून टाकेन. फक्त ते "आपला ईमेल मिळाला, आम्ही लवकरच संपर्क करू" वालं नको.

कळावे,
मकायमधला एक मतदार