वाचकानंच ठरवायचं, तर लेखकानं काय करायचं?

पुणे

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. "वाचकच ठरवणार असेल पुढं काय घडायचं, तर मग लेखकानं काय करायचं?" असं तू विचारलंयस. एकांकिका लिहिणाऱ्या माणसाला हा प्रश्न पडणारच. फोनवर दोन वाक्यांत तो उडवून लावायचा नव्हता, म्हणून सविस्तर लिहितोय.

या सत्रात आम्हाला एक डिजिटल गोष्ट रचायची आहे, म्हणजे वाचक पडद्यावर पर्याय निवडत जातो तशी पुढं सरकणारी, आणि वर्गातल्या इतरांच्या गोष्टींवर समीक्षाही लिहायची आहे. मी २०१९चा महापूर घेतलाय. कृष्णाकाठचं एक घर, घर सोडायला तयार नसलेली आजी, गोठ्यातली म्हैस. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि त्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, हे सांगलीकराला मी काय सांगायचं!

गोष्ट ट्वाइनमध्ये लिहितोय. ख्रिस क्लिमस यांनी २००९मध्ये आणलेलं हे साधन फुकट आहे आणि ते वापरायला प्रोग्रामिंग येण्याची गरज नाही. दोन चौकटी कंसांत शब्द टाकला की त्याची लिंक होते, आणि पडद्यावर गोष्टीचा प्रत्येक तुकडा एक चौकोन होऊन बाणांनी दुसऱ्याला जोडला जातो. शेवटी जी एकच फाइल तयार होते ती कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडते.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. समज, दर वेळी वाचकाला दोन पर्याय दिले आणि ते फाटे पुन्हा कधीच एकत्र आणले नाहीत. दहा निवडींनंतर १०२४ शेवट होतात आणि एकूण २०४७ तुकडे लिहावे लागतात. एवढं लिहायचं म्हटलं तर प्रत्येक तुकडा पातळच होणार. म्हणून बरेच लेखक फाटे फोडतात आणि थोड्या अंतरावर पुन्हा एका जागी आणतात. वर्गात काहींना ही फसवणूक वाटते: मी काहीही निवडलं तरी तिथंच पोचणार असेन, तर विचारलंच कशाला? मला ते पटत नाही. पुरात तरी दुसरं काय झालं होतं? कुणी काहीही ठरवलेलं असो, रात्री सगळे गच्चीवरच होते. बरोबर काय होतं, कोण होतं, आणि खाली काय ठेवून आलो होतो, एवढाच फरक. तो फरक गोष्टीनं लक्षात ठेवायला हवा. लेखकाचं काम तिथं आहे. ट्वाइनमध्ये त्यासाठी व्हेरिएबल असतं, म्हणजे वाचताना बदलत जाणारी, गोष्टीनं आपल्याजवळ ठेवलेली एक नोंद. माझ्या गोष्टीतल्या एका व्हेरिएबलचं नावच 'पाणी' आहे. वाचक काहीही निवडो, ते वाढतं. कपाटातली कागदपत्रं काढण्यात वेळ गेला, तर गोठ्याकडे जाणारा पर्याय पडद्यावर दिसत राहतो, पण त्यावर काट मारलेली असते आणि तो दाबता येत नाही. ही युक्ती ट्वाइनमध्येच केलेल्या २०१३च्या 'डिप्रेशन क्वेस्ट' या खेळात आहे. तिथं नैराश्यात असलेल्या माणसाला योग्य मार्ग समोर दिसतो, पण निवडता येत नाही. युक्ती उचलताना मी स्वतःला एकच विचारलं, की माझ्या गोष्टीत त्या काट मारलेल्या ओळीला कारण आहे का? आहे. पाणी आहे.

सगळ्यात जास्त वेळ मात्र आपल्या व्याकरणानं खाल्ला, आणि मला त्यातच सर्वांत जास्त आनंद मिळाला. अशा गोष्टी बहुतेक वेळा वाचकाला उद्देशून सांगितलेल्या असतात. इंग्रजीत ते सोपं आहे. मराठीत 'तू गोठ्याकडे जातोस' लिहिलं की माझी अर्धी वाचक मंडळी बाहेर. 'तुम्ही जाता' म्हटलं तर बाई-पुरुष दोघंही सामावतात, पण आजी नातवंडाला तुम्ही कशी म्हणेल? सुरुवातीलाच 'तू मुलगा की मुलगी' विचारता येतं, पण दारात पाणी आलेलं असताना फॉर्म भरून घेतल्यासारखं वाटतं. मग लक्षात आलं, की सकर्मक क्रियापद भूतकाळात कर्माकडे झुकतं. तू दावं सोडलंस. तू आजीचा चष्मा घेतलास. तू कागदपत्रं काढलीस. करणारा कोण, हे वाक्य सांगतच नाही. ते वस्तूबरोबर चालतं. आणि माझी गोष्ट तर वस्तूंचीच आहे! उरलेल्या जागी आज्ञार्थ आणि भविष्यकाळ: 'जा', 'थांब', 'तुला ऐकू येईल'. 'विसरणं' मात्र हट्टी निघालं. तिथं विसरलास की विसरलीस हे सांगावंच लागतं, म्हणून पूर्ण गोष्टीत ते क्रियापद नाही. 'लक्षात राहिलं नाही' एवढंच आहे.

समीक्षेचं काम याहून अवघड आहे. तुझी एकांकिका संपली की सगळं नाट्यगृह एकाच प्रयोगाबद्दल बोलत असतं. इथं वर्गातल्या प्रत्येकानं वेगळा मजकूर वाचलेला असतो. कुणाच्या वाचनात म्हैस पोहत बांधावर पोचली, कुणी गोठ्याकडे फिरकलंच नाही. म्हणून आमच्याकडे आधी प्रत्येक जण आपण कुठून कसे गेलो ते सांगतो, मग मत देतो. तोवर लेखकानं गप्प बसायचं. मला हा नियम फार मोलाचा वाटतो. कारण कुणी कुठं थबकलं, कुठं भराभर क्लिक करत सुटलं, हे ऐकताना गोष्टीचं दुखणं त्याच्या मताआधीच कळतं. शिवाय निदान दोनदा वाचल्याशिवाय बोलू नये, असं माझं ठाम मत झालंय. पहिल्या वेळी आपण त्या घरात असतो. दुसऱ्या वेळीच दिसतं की लेखकानं कुठले दरवाजे नुसते रंगवलेत आणि कुठले खरे आहेत.

माझ्या गोष्टीवर सर्वांत मोठा वाद मागं जाण्याच्या बाणावरून झाला. ट्वाइनच्या नेहमीच्या मांडणीत तो कडेला असतो. मी काढून टाकलाय. एकीचं म्हणणं, यानं वाचक चिडतो आणि सोडून देतो. दुसरा म्हणाला, बाण नव्हता म्हणूनच दाव्यापाशी त्याचा हात थांबला. मी बाण परत आणणार नाही. चिडून कुणी सोडलं तर सोडो, पण म्हैस सोडायची की नाही हे ठरवताना कुणाचा हात थांबत असेल, तर त्यासाठीच मी हे लिहितोय.

आणखी एक गोष्ट मनात घोळतेय. २०२० संपता संपता फ्लॅश, म्हणजे ब्राउझरमध्ये हलती चित्रं आणि खेळ चालवणारं जुनं सॉफ्टवेअर, बंद झालं आणि त्यात केलेल्या कितीतरी डिजिटल कविता-कथा ब्राउझरमध्ये चालेनाशा झाल्या. काही आता इतर मार्गांनी पुन्हा चालवतात, पण सगळ्या नाही. जी रचना उघडत नाही, तिच्याबद्दल कुणी नीट लिहून ठेवलेलं असेल, कुठं काय दाबल्यावर काय झालं ते, तर तेवढंच हाती उरतं. त्यामुळे वर्गासाठीची टिपणं मी आता फार निगुतीनं लिहितो. मराठीत अशा रचनांवर कसं लिहावं याची वाट अजून मळलेली नाही, तेव्हा आपण लिहू ते पुढच्याला उपयोगी पडेल.

आता तुझ्याकडून दोन गोष्टी हव्यात. फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलीय. कसा गेलास ते ओळीनं लिहून पाठव; आवडली की नाही ते मागाहून सांग. आणि आजीची वाक्यं तू लिही. माझ्या हातून ती पुण्यात राहून आलेल्या आजीसारखी बोलतेय. तुला काठावरच्या म्हाताऱ्यांचं बोलणं पाठ आहे. नावेत बसायला नकार देते तिथलं आधी कर, तोच तुकडा सगळ्या वाटांवर लागतो.

काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
पुण्यातला मित्र