‘मॅप’चा आकडा वाचताना गावाची उंची धरा

संपादक महोदय,

मोबाइलला जोडायचे ओबीडी यंत्र (गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारे) हजार रुपयांच्या आत मिळू लागल्यापासून गाडीमालक इंजिनाचे आकडे स्वतःच बघू लागले आहेत. चांगलेच आहे. मात्र त्यातला ‘मॅप’, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) दाब, चुकीचा वाचल्याने धडधाकट सेन्सर बदलले जातात आणि मूळ दोष तसाच राहतो. हे पत्र टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनांपुरते आहे.

हा दाब संपूर्ण निर्वातापासून मोजतात. त्यामुळे चावी ऑन आणि इंजिन बंद असताना बाहेरच्या हवेचाच दाब दिसायला हवा: मुंबईत सुमारे 101 किलोपास्कल, पुण्यात 95, महाबळेश्वरला 86. पुण्यात 95 दिसले तर सेन्सर ठीक आहे. हवामानाच्या ॲपशी ताडून बघणारे इथे हमखास फसतात. ॲप पुण्यातही 1010 हेक्टोपास्कलच्या (म्हणजे 101 किलोपास्कलच्या) आसपास दाखवते, कारण तो आकडा समुद्रसपाटीच्या हिशेबाने वाढवून दिलेला असतो. खरोखरच पाच-सहाचा फरक असेल, तर आधी कनेक्टर, 5 व्होल्टचा पुरवठा आणि अर्थिंग तपासावे, सेन्सरची नळी किंवा तोंड तेलकट काजळीने बुजले आहे का ते पाहावे. खरेदी त्यानंतर.

गरम इंजिन, एसी बंद, गिअर न्यूट्रल: अशा वेळी 28 ते 40 किलोपास्कल ठीक. एसी लावला की आकडा थोडा चढणारच. 45-50 दिसू लागले तर सोबत आरपीएम (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या) बघावा. निदान तिथेच होते. आरपीएमही चढलेला असेल, तर थ्रॉटलच्या (हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या) पुढे, इंजिनाच्या बाजूला कुठून तरी हवा शिरते आहे. ब्रेक बूस्टरचा पाइप, पीसीव्हीची (इंजिनातली वाफ परत आत ओढणारी) नळी यांसारखे रबरी पाइप एकेक करून क्षणभर दाबून धरावेत. ज्याने आरपीएम उतरतो तिथे गळती. (तापलेल्या इंजिनावर कार्ब क्लीनर फवारून गळती शोधण्याची पद्धत आगीला निमंत्रण देते.) गळती बारीक असेल तर ईसीयू (इंजिनाचा संगणक) थ्रॉटल आणखी मिटून आरपीएम सावरतो आणि ‘मॅप’ही जागेवर दिसतो, तेव्हा थ्रॉटलची टक्केवारी नेहमीपेक्षा कमी आहे का ते पाहावे.

आरपीएम नेमका, पण ‘मॅप’ चढलेला, हे जास्त गंभीर. तेवढ्याच फेऱ्यांसाठी इंजिनाला जास्त हवा लागते आहे. टायमिंग चेन किंवा बेल्टचा दात सरकला असेल, व्हॉल्व्ह नीट बसत नसेल किंवा एखादा सिलिंडर मिस होत असेल. इथे सेन्सर बदलून काहीच होत नाही, कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये दाबल्या जाणाऱ्या हवेचा दाब) तपासावे लागते.

चढावर, पूर्ण ॲक्सिलरेटरवर आकडा बाहेरच्या दाबाच्या जवळ जायला हवा, पुण्यात 92-93. त्या वेळी स्क्रीन शेजारी बसलेल्याने बघावी. जास्त फेऱ्यांवर तो 85 पर्यंत घसरत असेल तर एअर फिल्टर किंवा त्याचा हवामार्ग तुंबला आहे. आकडा 93 ला टिकूनही गाडी ओढत नसेल, तर हवा आत पोहोचते आहे, अडचण पुढे कुठेतरी आहे. इंधनाचा दाब आणि इग्निशन ठीक निघाले, तर तुंबलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर (धूर स्वच्छ करणाऱ्या, एक्झॉस्टमधल्या भागावर) संशय घ्यावा.

— एक वाचक, पुणे