डब्यातला दिवा किती दिवस हिरवा होता?

मा. श्री. ज्योतिरादित्य शिंदे,
केंद्रीय दळणवळण मंत्री, नवी दिल्ली यांस

सविनय नमस्कार.

आपल्या घराण्याचे मूळ गाव कण्हेरखेड, सातारा जिल्ह्यातले. मी त्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, पाटण तालुक्यात राहते. झेडपीच्या शाळेत शिकवून निवृत्त झाले. आता वाडीतल्या बायकांचे ऑनलाइन अर्ज भरून देते. आपल्याला मराठी कळते, म्हणून गावातल्या सरकारी इंटरनेटबद्दलचे हे पत्र मराठीतच लिहिते आहे.

लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली तेव्हाची गोष्ट. शेजारची एक सून माझ्याकडे आधार कार्ड घेऊन आली. नवरा वाशीच्या मार्केटात माथाडी. एक ओटीपी हिच्या मोबाईलवर येणार, दुसरा नवऱ्याच्या. आमच्या वाडीत रेंज मिळते ती पाण्याच्या टाकीजवळच्या कठड्यावर, तीही नीट उभे राहिले तर. आम्ही दोघी तिथे गेलो. तिचा ओटीपी आला, भरला. नवऱ्याला फोन लावला, तर तो पाठीवर पोते घेऊन होता. पोते उतरवून त्याने आकडे सांगायला सुरुवात केली आणि तिसऱ्या आकड्याला फोन कट झाला. पुन्हा लागेपर्यंत ओटीपीची मुदत संपली होती. असे चार वेळा झाले. पाचव्या दिवशी पहाटे साडेपाचला, तो कामावर निघायच्या आधी, आमचे काम झाले. पंधराशे रुपयांसाठी त्या मुलीने पाच दिवस शेतातले काम सोडून कठड्यावर काढले.

आता ग्रामपंचायतीतला इंटरनेटचा डबा. कार्यालयाच्या भिंतीवर, सरपंचांच्या खुर्चीच्या मागे, पांढरा डबा बसवला आहे. बसवला त्या दिवशी आम्ही सगळे बघायला गेलो होतो. दिवा हिरवा होता, नेट जोरात चालले, मुलांनी व्हिडिओ पाहिले. मग रस्त्याच्या रुंदीकरणात मोरीजवळ जेसीबीने केबल तोडली आणि दिवा लाल झाला. तो चार महिने लालच राहिला. तक्रार केली की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवी. कोणाचे नाव घेऊन मला कोणाला अडचणीत आणायचे नाही. पण त्या चार महिन्यांत सरकारी कागदावर आमचे गाव जोडलेलेच असणार, याची मला खात्री आहे.

साहेब, माझे सगळे म्हणणे यातच आले. 2011 च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर, म्हणजे इंटरनेटची केबल, नेण्याची योजना मंजूर केली. 2015 मध्ये तिचे नाव भारतनेट झाले. तेव्हापासून किती किलोमीटर केबल टाकली आणि किती ग्रामपंचायती जोडल्या, याच आकड्यांची चर्चा होत आली आहे. डब्यातला दिवा महिन्यातून किती दिवस हिरवा होता, हा आकडा मी गावच्या फलकावर कधी पाहिला नाही.

पहिल्या टप्प्यात केबल तालुक्यापासून गावोगाव एका ओळीत नेली होती. मध्ये एका ठिकाणी तुटली की पुढची सगळी गावे बंद. 2023 च्या ऑगस्टमध्ये मंजूर झालेल्या सुधारित योजनेत हा दोष ओळखला आहे. आता केबलचे कडे करायचे, म्हणजे एक बाजू तुटली तरी दुसऱ्या बाजूने नेट चालू राहते. 1,39,579 कोटी रुपये मंजूर झाले आहेत आणि 10 वर्षांच्या देखभालीचीही तरतूद आहे. हा निर्णय मला मनापासून पटला. पण देखभाल म्हणजे काय, हे इथे येऊन पाहावे लागेल. आमच्याकडे जूनपासून पाऊस झोडपतो. 2021 च्या जुलैत आंबेघर आणि मिरगावला दरडी कोसळून माणसे गेली, ती याच तालुक्यात. इथे केबलची जोड मारणारा माणूस आणि त्याचे मशीन तालुक्याच्या गावीच हवे. तो जिल्ह्याहून येणार म्हटले की आठवडा गेलाच. शिवाय लाईट गेली की डबाही बंद. त्याला चांगली बॅटरी द्या आणि ती दर वर्षी तपासा.

खोदण्याआधी खाली केबल आहे का ते कळवणारे ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप 2023 च्या मार्चमध्ये पंतप्रधानांनी सुरू केले. आमच्या मोरीजवळच्या जेसीबीवाल्याने त्याचे नावही ऐकले नव्हते. मी स्वतः त्याला विचारले. रस्त्याच्या प्रत्येक ठेक्यात ही अट घाला, आणि केबल तोडणाऱ्याकडून दुरुस्तीचा खर्च वसूल करा.

आणखी एक, आणि डोंगरातल्या माणसाला हे सगळ्यात लागते. ग्रामपंचायत जोडली म्हणजे गाव जोडले असे होत नाही. आमची ग्रुप ग्रामपंचायत आहे, सहा वाड्यांची. शेवटची वाडी कार्यालयापासून पायी दीड तास. तिथल्या पोराला त्या पांढऱ्या डब्याचा काय उपयोग? सुधारित योजनेत मागणी आल्यास इतर गावांनाही जोडणी देण्याची सोय आहे. पण मागणी करायची कशी आणि कोणाकडे, हे आमच्या ग्रामसभेत अजून कोणी सांगितलेले नाही. तो अर्ज मराठीत, एका पानाचा असावा आणि ग्रामसभेच्या ठरावावर मंजूर व्हावा.

वापर वाढावा म्हणून सरकार मोहिमा काढते. ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानात 20 तासांचे प्रशिक्षण होते. पण शिकलेले हाताखालून जायला नेट चालू असावे लागते. माझा अनुभव सांगते. दिवा हिरवा असताना मी एका सत्तरीच्या आजींना त्यांचा सातबारा पडद्यावर दाखवला. स्वतःचे नाव त्यांनी बोट ठेवून वाचले, मग मयत नवऱ्याचे, मग दिराचे. ‘हे रोज बघता येतं?’ एवढेच त्यांनी विचारले. डिजिटल सहीचा उतारा पंधरा रुपयांत निघतो. पाटणला जायचे तर एसटीचे भाडे आणि दिवसाचा रोज दोन्ही जातात. आजी पुढच्या आठवड्यात दोन जावांना घेऊन आल्या. त्यांना कोणी मोहीम काढून बोलावले नव्हते. तेव्हा दिवा लाल झालेला होता आणि मला त्यांना परत पाठवावे लागले.

या कामाचा पैसा दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातून जमणाऱ्या निधीतून येतो. म्हणजे कठड्यावर उभ्या राहणाऱ्या त्या सुनेच्या रिचार्जमधूनही येतो. म्हणून तिच्या वतीने मागते: प्रत्येक ग्रामपंचायतीबाहेर एक फलक लावा. मागच्या महिन्यात नेट किती दिवस चालले, बंद पडले तर कोणाला फोन करायचा आणि दुरुस्ती किती दिवसांत झाली, एवढे त्यावर मराठीत लिहा. आणि ठेकेदाराचे देखभालीचे बिल त्या फलकावरच्या दिवसांनुसार काढा.

फलकाचा खर्च द्यायला आमची ग्रामसभा तयार आहे. ठराव मी लिहून ठेवला आहे.

आपली नम्र,
कोयना खोऱ्यातील एक निवृत्त शिक्षिका