जुन्या सागवानाचं पॉलिश दिवाळी ते होळीतच उरका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुळशीचं लग्न लागलं की नागपुरात बेडरूम सेटच्या जाहिरातींना ऊत येतो. पलंग, दोन साइड टेबलं, ड्रेसिंग टेबल आणि आलमारी, सगळं हप्त्यावर. त्याच वेळी महाल, इतवारी, धंतोली, रामदासपेठ भागांत जुनी घरं पाडून फ्लॅट उभे होत आहेत आणि त्या घरांतले सागवानी पलंग, पेट्या, मेजं कबाड्याकडे किलोच्या भावात जात आहेत. २०२३ साली अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरहून सागवान गेलं तेव्हा त्याची शोभायात्रा निघाली होती. त्याच जातीचं लाकूड इथे जिन्याखालून निघून थेट सरपणात पडतं. कमी पैशांत झोपायची खोली सजवू पाहणाऱ्यांना आमचं सांगणं असं, की पैसा लाकडावर आणि सांध्यांवर घाला, चकाकीवर नको. आणि पॉलिशचं काम दिवाळी ते होळी याच काळात उरका.

जुना माल पाहायला जाताना टॉर्च, टेप, पेचकस, कापूस आणि स्पिरिटची छोटी बाटली सोबत असू द्या. वजनावरून सागवान ओळखता येतं हा समज सोडा. भुशाचा दाबलेला पार्टिकल बोर्ड सागवानाइतकाच, कधी त्याहून जास्तही जड भरतो. फळीचं कापलेलं टोक पाहा. सागवानात वर्षवलयाच्या कडेने मोठी छिद्रं ओळीने दिसतात, आणि फळीच्या तोंडावरच्या रेषा टोकापर्यंत जाऊन वळलेल्या असतात. तोंडावर सुंदर रेषा आणि टोकाला थर किंवा दाणे दिसले, तर ते प्लाय किंवा बोर्डावर चिकटवलेलं विनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, समजा. ड्रॉवर बाहेर काढून मागची फळी बघा. तिथे कोणी पॉलिश करत नाही, त्यामुळे लाकूड खरं काय ते तिथे कळतं. पलंगाचा एक कोपरा धरून तिरपा हलवा. कुसू, म्हणजे खाचेत बसणारं पट्टीचं टोक, सैल झालं असेल तर ते दुरुस्त होतं, म्हणून सैल सांध्यावर भाव पाडून घ्या. कुसूच मोडलं असेल तर मात्र नवा तुकडा बसवावा लागतो आणि मजुरी दुप्पट होते.

कीड पाहताना घाबरून जाऊ नका, पण डोळेझाकही करू नका. सागवानाच्या गाभ्याला भुंगा सहसा लागत नाही; सालीलगतचा पांढुरका भाग तो पोखरतो. टाचणीच्या डोक्याएवढी छिद्रं दिसली तर खाली काळा कागद अंथरून आठवडाभर थांबा. मैद्यासारखी भुकटी पडली तर कीड जिवंत आहे. छिद्रं थोडी असतील तर लाकडाच्या किडीचं तयार औषध सिरिंजने भरा, पुरतं वाळू द्या आणि मगच मेणाने तोंडं बुजवा. फार असतील तर तो नग झोपायच्या खोलीसाठी घेऊ नका. पेचकसच्या मुठीने ठोकून पोकळ आवाज आला, तर आत वाळवी होऊन गेली आहे.

भाव ठरवायची एक सोपी रीत आहे आणि ती फारसं कोणी वापरत नाही. ६ बाय ५ फुटांचा पलंग घ्या. ३ इंची चौकोनी पाय, डोक्याकडचे दोन ३६ इंचांचे, पायथ्याचे दोन २४ इंचांचे, मिळून १०८० घनइंच. ७२ इंच लांब, ६ इंच रुंद आणि सव्वा इंच जाड अशा दोन बाजूपट्ट्या, पुन्हा १०८०. ६० इंच लांब, ५ इंच रुंद, सव्वा इंच जाड चार आडपट्ट्या, १५००. डोक्याकडची फळी ६० बाय १८, पाऊण इंच जाड, ८१०. बेरीज ४४७०. घनफुटात १७२८ घनइंच, म्हणजे लाकूड झालं अडीच घनफुटांहून जरा जास्त. लकडगंजात, आपल्या लाकूडबाजारात, त्या दिवशीचा सागवानाचा घनफुटाचा भाव विचारा, गुणाकार करा आणि जुन्या खाचा, खिळ्यांची भोकं, घासाई यांपोटी एक तृतीयांश वजा करा. विकणारा याच्या बराच वर मागत असेल तर तो नक्षीचे पैसे मागतो आहे. नक्षी आवडली असेल तर खुशाल द्या, फक्त लाकडाचे समजून देऊ नका.

घरात आणण्याआधी ढेकणांचा बंदोबस्त हवा. ढेकूण खाण्यावाचून महिनोन्‌महिने तग धरतात, त्यामुळे ‘पलंग वर्षभर अडगळीत होता’ या शब्दावर विसंबू नका. गाद्या आणि कापड चढवलेले हेडबोर्ड जुने घेऊच नका. पलंग पूर्ण सुटा करा; ढेकूण खाचांत, बोल्टच्या भोकांत आणि पट्ट्यांच्या खालच्या अंगाला बसतात. लोखंडी खाटेच्या सांध्यांत उकळतं पाणी ओतलं तरी चालतं. लाकडावर वाफेचं यंत्र सावकाश, खाचेखाचेतून फिरवा आणि मग दोन-तीन दिवस सावलीत वाळू द्या. उन्हात टाकून काम भागेल असं पुष्कळांना वाटतं. ढेकूण आणि त्यांची अंडी मरायला ५० अंशांपर्यंतची उष्णता लाकडाच्या आत पोचून टिकावी लागते, आणि नागपूरच्या मे महिन्यातही ३ इंची पायाच्या खाचेत ती पोचेल याची खात्री नाही. घासलेट तर मुळीच नको. वास जात नाही, त्यावर पॉलिश धरत नाही आणि आगीचा धोका आहे तो वेगळाच.

आता पॉलिश. जुनं आहे म्हणून सगळं खरवडायचं, इथेच लोक सर्वांत जास्त मजुरी वाया घालवतात. स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा आतल्या कोपऱ्यात मिनिटभर दाबून धरा. तपकिरी चिकट रंग बोळ्याला आला तर ते लाखेचं स्पिरिट पॉलिश आहे. ते खरवडायची गरज नसते. टर्पेंटाइनच्या फडक्याने मळ आणि मेण काढा, ३२० नंबरच्या सँडपेपरने हलका हात फिरवा आणि वरून पॉलिशचे नवे हात (थर) द्या. जुनं पॉलिश नव्यात विरघळून एकजीव होतं. बोळ्याला काही आलं नाही तर थिनर लावून पाहा. त्याने नरम पडलं तर लॅकर, दोन्हींना दाद देत नसेल तर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन). अशा वेळी मात्र घासाई आली.

ऑइलपेंट मारलेला नग असेल तर आणखी एक सावधगिरी. घरगुती रंगांतल्या शिशावर दहा लाख भागांत ९० भाग ही मर्यादा आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं असं धरूनच चला. असा रंग कोरडा घासू नका. पेंट रिमूव्हर लावून ओला खरवडा, मास्क बांधा, खरवड पिशवीत बांधून वेगळी टाका, आणि लहान मुलं व गर्भवती स्त्रिया यांना त्या जागेपासून लांब ठेवा.

घासाई ८०, १२०, १८०, २२० अशा क्रमाने, लाकडी ठोकळ्यावर पेपर गुंडाळून, नेहमी रेषांच्या दिशेने. ८० वरून थेट २२० वर उडी मारली की आडवे ओरखडे राहतात. ते तेव्हा दिसत नाहीत. पॉलिशचा पहिला हात बसला की उठून दिसतात. विनिअर बहुधा अर्धा मिलिमीटरच असतं, तिथे ८० आणि १२० चं नावही काढू नका. भेगा भरायला भुसा आणि फेविकॉलचा लगदा करायची सवय सार्वत्रिक आहे, आणि चुकीची आहे. फेविकॉल रंग पीत नाही, म्हणून पॉलिशनंतर तेवढाच डाग फिका राहतो. चॉक पावडरीत पिवडी (पिवळी माती) आणि गेरू (तांबडी माती) रंग जुळेपर्यंत मिसळा आणि पातळ पॉलिशमध्ये कालवून भरा. सैल सांध्यात जुना सरस असेल तर गरम पाण्याने तो आधी काढून टाका. सरसावर नवा गोंद धरत नाही. सागवान तेलकट असतं, तेव्हा नव्याने खरवडलेल्या भागावर थिनरचं फडकं फिरवून लगेच चिकटवा.

लाखेचं पॉलिश घरी करायचं तर एक लिटर स्पिरिटला साधारण १५० ग्रॅम चपडा लाख (लाखेच्या पातळ चकत्या). काचेच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यात रात्रभर ठेवा, मधूनमधून हलवा, मलमलीतून गाळा. लोखंडी डब्यात ठेवलं तर काळपट पडतं. (लाख आपल्या शेजारच्या गोंदिया-गडचिरोलीच्या जंगलांतही होते.) वर सांगितलेल्या पलंगाला दीड-दोन लिटर पुरावं. तयार पॉलिश सहा महिन्यांहून जुनं असेल तर काचेवर एक थेंब टाकून पाहा. रात्रभरात कडक झालं नाही तर फेकून द्या, कारण ते लाकडावरही चिकटच राहणार. कापसाची गोळी मऊ पांढऱ्या फडक्यात बांधा आणि पातळ हात द्या, दोन हातांत दहा-पंधरा मिनिटं सोडून. दिवसाला चार-पाच हात पुरेत. सकाळी ४०० नंबरने हलकं घासून पुन्हा तीन-चार. हात मध्येच थांबवला तर गोळी तिथेच चिकटते आणि खालचे थर उचलते. स्पिरिट पेटतं, म्हणून खिडक्या उघड्या ठेवा आणि जवळपास गॅस किंवा उदबत्तीही नको.

दिवाळी ते होळीचा आग्रह याचसाठी. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतलं पाणी धरतं आणि पॉलिश पांढरं पडतं. मे महिन्यात ४५ अंशांत उलटा त्रास: गोळी फळीच्या टोकाला पोचायच्या आत स्पिरिट उडून जातं आणि हाताचे पट्टे उमटतात. नाइलाजच असेल तर पहाटे काम करा.

लाखेचं पॉलिश गरम कपाने, सॅनिटायझरने आणि अत्तराने खराब होतं. साइड टेबलच्या माथ्यावर म्हणून पीयू मारा, किंवा रबरी बटणांवर ५ मिलिमीटरची काच ठेवा. जवसाचं तेल लावायचं असेल तर घाणीवरचं खायचं तेल चालत नाही, ते लवकर वाळत नाही. हार्डवेअरच्या दुकानात ‘डबल बॉइल’ मागा. त्या तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकली तर आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

कूलरबद्दल कोणी सांगत नाही. खिडकीतल्या कूलरचा झोत थेट आलमारीवर किंवा पलंगाच्या डोक्याकडे येत असेल तर बोर्डाचं फर्निचर कडांनी फुगतं आणि पुन्हा बसत नाही. सागवान तग धरतं, पण पॉलिशवर पांढरी छटा येते. झोत मोकळ्या जागेवर पडेल अशी मांडणी करा. पावसाळ्यात अडकणाऱ्या ड्रॉवरला लगेच रंदा मारू नका. उन्हाळ्यात तोच आकसतो आणि खडखडतो. आधी खालच्या पट्ट्यांवर मेणबत्ती घासा. तरीही अडला तर चमकलेल्या जागेपुरतंच पातळ सोलाण काढा. बिजागरीचा स्क्रू फिरतच राहत असेल तर भोकात गोंदात बुडवलेली बांबूची कामटी ठोका. पितळी स्क्रू लावण्याआधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू एकदा फिरवून घ्या, नाहीतर कडक सागवानात पितळ मोडतं.

लोखंडी आलमारी जुनी घेणं आमच्या मते सर्वांत शहाणपणाचं. जुना पत्रा जाड असतो. तळ आणि मागची बाजू तेवढी गंजलेली नाही ना ते पाहा. तारेच्या ब्रशने गंज काढा, रेड ऑक्साइड प्रायमरचा एक हात, खड्ड्यांना पुट्टी, आणि एनॅमलचे दोन हात. साडेसहा फुटी आलमारीला बाहेरून एक लिटर पुरतो. कुलूप आणि मुठी इतवारीच्या लोहा ओळीत मिळतात. लिफ्टच्या दाराचं माप मात्र आधी घ्या, आलमारी सुटी होत नाही.

जुन्या पलंगांची मापं आजच्या तयार गाद्यांशी जुळत नाहीत. पलंग कापू नका. गादीवाल्याकडून त्या मापाची कापसाची गादी भरून घ्या. घरचा जुना, स्वच्छ कापूस पिंजून त्यात चालतो.

महापालिकेलाही एक विनंती. मे २०२३ मध्ये देशभरातल्या शहरांत वापरलेल्या वस्तूंची ‘आरआरआर’ (रिड्यूस, रियूज, रिसायकल) केंद्रं निघाली, तिथे मुख्यतः कपडे, पुस्तकं, खेळणी अशा वस्तू घेतल्या जात. आपल्या दहाही झोनमध्ये महिन्यातून एक दिवस लाकडी आणि लोखंडी फर्निचरसाठी ठेवावा. घर पाडण्याची परवानगी देताना मालकाला त्या दिवसाची तारीख लेखी कळवावी, म्हणजे सामान ठेकेदाराच्या ट्रकमध्ये जाण्याआधी गरजूंच्या हाती लागेल. गाद्या, कापड चढवलेले सोफे आणि फुगलेले बोर्ड तिथे घेऊ नयेत, आणि नग द्यायच्या आधी तिथेच सुटे करून वाफ देण्याची सोय असावी.

आपले,
सुतारकाम आणि पॉलिशचं काम करणारे दोन वाचक,
लकडगंज परिसर, नागपूर